उषस्तीचे कुल्माष



दर महिन्यास या पानावर तीर्थरूप वडिलांचे प्रवचन वाचावयाची आपणांस सवय आहे. या खेपेस त्यांनी लेखणी आमच्या हाती दिली आहे. आमचे शिक्षण बारावीच्या पुढे गेलेले नाही आणि शास्त्राचा अधिकार म्हणावा तर तोही वडिलांच्या मागे बसून ऐकण्यापुरताच. तेव्हा आमच्याकडून कोणी नव्या तत्त्वज्ञानाची अपेक्षा करू नये. एक जुनी कथा आहे, आणि तिच्या उजेडात पाहिलेली एक अलीकडची गोष्ट आहे. कथा वडिलांनी दिली. गोष्ट आमची आहे आणि तीत आमचा एक अपराधही आहे. तो आपणां सर्वांपासून लपवून देवापुढे आरतीचे तबक धरणे आम्हांस जड जाऊ लागले, म्हणून हे लिहीत आहोत.

कथा छांदोग्य उपनिषदाच्या पहिल्या अध्यायातील आहे. कुरुदेशावर एकदा गारांचा असा मारा झाला, की उभे पीक मातीस मिळाले. त्या दुष्काळात उषस्ति चाक्रायण नावाचा एक विद्वान ब्राह्मण आपल्या तरुण पत्नीसह हत्ती बाळगणाऱ्यांच्या एका गावी येऊन राहिला. घरात दाणा नाही, अंगात त्राण नाही. एके दिवशी त्याने पाहिले, की एक हत्तीवाला कुल्माष खात बसला आहे. कुल्माष म्हणजे हलक्या कडधान्याच्या घुगऱ्या, गरिबाचे अन्न. उषस्तीने त्याच्यापुढे हात पसरला. हत्तीवाला संकोचला. पुढ्यात वाढून घेतलेले, उष्टे झालेले एवढेच आपल्यापाशी आहे, असे तो म्हणाला. त्यातलेच दे, असे उषस्तीने सांगितले. हत्तीवाल्याने ते दिले आणि वर पिण्यास पाणीही देऊ केले. ते मात्र उषस्तीने घेतले नाही, कारण ते उष्टे होते. हत्तीवाल्यास नवल वाटले. मग हे कुल्माष उष्टे नाहीत काय, असे त्याने विचारले. यावर उषस्तीने दिलेले उत्तर हेच आजच्या आमच्या बोलण्याचे सूत्र होय. त्याचा आशय असा, की हे अन्न खाल्ले नसते तर आपण जगलो नसतो. पाणी तर हवे तेव्हा मिळू शकते.

कथा येथे संपत नाही. उरलेले कुल्माष त्याने पत्नीसाठी घरी नेले. तिला आधीच भिक्षा मिळाली होती, म्हणून तिने ते जपून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच शिळे, उष्टे कुल्माष खाऊन उषस्ति राजाच्या यज्ञमंडपाकडे चालत गेला. तेथे स्तोत्रे गाणाऱ्या ऋत्विजांना त्याने विचारले, की ज्या देवतेचे स्तवन तुम्ही करीत आहात तिला तुम्ही जाणता काय? ते निरुत्तर झाले आणि थांबले. राजाने त्याची ओळख विचारली. तो उषस्ति आहे असे कळताच, आपण याच पुरुषाच्या शोधात होतो असे सांगून त्याने यज्ञाचा भार त्याच्यावर सोपविला. मग उषस्तीने त्या ऋत्विजांना तीन देवता समजावून सांगितल्या: प्राण, आदित्य आणि अन्न. आदल्या दिवशी ज्याचा प्राण उष्ट्या अन्नावर तगला होता, त्याच्याच मुखी प्राण आणि अन्न या देवता आल्या.

या कथेत दोन गोष्टी आहेत. पहिली अशी, की प्राणावर बेतले तेव्हा उषस्तीने नियम वाकविला. परंतु तो प्राणाला लागेल तेवढाच वाकविला, त्यापुढे घोटभर पाण्याइतकाही नाही. दुसरी गोष्ट अशी, की तो जगला म्हणून यज्ञ झाला. आदल्या दिवशी शुद्धतेच्या हट्टाने तो उपाशी मेला असता, तर त्या मंडपात देवतेचा अर्थ सांगावयास कोण उभा राहिला असता?

आता आमची गोष्ट. २०२२ साली आम्ही नोकरीच्या शोधात मुंबईस गेलो. आपल्या बिरसा भागातील मुले नागपूर, हैदराबाद, मुंबई अशी पांगतात, तसेच आम्हीही पांगलो. एका कुरियरच्या कचेरीत काम मिळाले. ज्या खोलीत राहात होतो तेथील एक सोबती इस्पितळात मदतनीस होता आणि रविवारी एका संस्थेच्या सेवेस जात असे. एका रविवारी तो आम्हांस बरोबर घेऊन गेला. काम कोणते, ते त्याने वाटेत सांगितले. जे लोक नशेचे द्रव्य शिरेत टोचून घेतात, त्यांना नव्या सुया व सिरिंजा द्यावयाच्या आणि त्यांच्या वापरलेल्या परत घ्यावयाच्या.

ते ऐकून आमचे पाय थबकले, हे कबूल करावयास हवे. पुजाऱ्याच्या मुलाने व्यसनी माणसाच्या हाती सुई द्यावी, यापरते विपरीत काय असणार, असे वाटले. आपल्यापैकी अनेकांना या क्षणी असेच वाटत असेल. म्हणून त्या कामामागचे कारण प्रथम सांगतो.

सुईने नशा करणाऱ्याला पोलिसांचे भय असते, पैशाची चणचण असते आणि नशा उतरू लागली की अंगात असह्य वेदना उठतात. अशा वेळी एक सुई दोघे-चौघे वापरतात. सुई बाहेर काढली तरी तिच्या पोकळीत रक्ताचा अंश राहतो. त्या अंशातून एचआयव्हीचा, हेपॅटायटिस बीचा आणि हेपॅटायटिस सीचा विषाणू एकाच्या रक्तातून थेट दुसऱ्याच्या रक्तात जातो. हेपॅटायटिस सीचा विषाणू तर वापरलेल्या सिरिंजमध्ये कित्येक आठवडे जिवंत राहू शकतो. हा रोग यकृत आतून पोखरतो आणि बहुधा वर्षानुवर्षे कळतही नाही. पुढे तीच बाधा व्यसनी माणसाच्या पत्नीस, आणि एचआयव्ही असेल तर पोटातल्या बाळासही होऊ शकते. त्यांनी तर कधी सुई हातीही धरलेली नसते.

मणिपूर राज्यात १९८९-९० च्या सुमारास हे सर्व देशाने पाहिले. सुईने नशा करणाऱ्या तरुणांत एचआयव्ही आढळला, आणि अवघ्या काही महिन्यांत तपासलेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास तरुणांत तो पोहोचला. घरेच्या घरे ओस पडली. आपल्या देशात सुईने नशा करणारे सुमारे ८.५ लाख लोक आहेत, असा अंदाज दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत मांडला आहे. २०१७ च्या सरकारी पाहणीत त्यांच्यात एचआयव्हीचे प्रमाण शेकडा सहाहून अधिक आढळले. सर्वसाधारण प्रौढांत ते शेकडा पाव टक्क्याहूनही कमी होते.

यावर उपाय शोधणारे पहिले लोक मोठे पंडित नव्हते. नेदरलँड्स देशातील ॲम्स्टरडॅम शहरी १९८४ साली, हेपॅटायटिस बीची साथ पसरत असता, नशा करणाऱ्यांच्याच एका संघटनेने जुनी सुई द्या आणि नवी घ्या ही रीत चालू केली. पुढे अनेक देशांनी ती उचलली. मुंबईत संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट या संस्थेने १९९० च्या दशकापासून रस्त्यावरच्या व्यसनी लोकांत हे काम केले. भारत सरकारच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमातही त्याला स्थान मिळाले. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने तर स्पष्टच सांगितले, की सरकारी मार्गदर्शनानुसार एचआयव्हीचा धोका कमी करण्यासाठी केलेले असे काम हा गुन्हा नव्हे. नशेचे द्रव्य विकणे, बाळगणे आणि घेणे हे १९८५ च्या कायद्याने गुन्हा होते व आजही आहे. सरकारने कुल्माष दिले. पाणी दिले नाही.

असो. त्या पहिल्या रविवारी आम्ही फक्त पाहात राहिलो. पुढे दोन दिवसांचे शिक्षण झाले. हेपॅटायटिस बीची लस टोचून घ्यावी लागली. तिचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात. वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण बसवू नये, कारण हाताला टोचते ती बहुधा त्याच वेळी, हे शिकविले. परत आलेली सुई हाताने घ्यावयाची नाही. पांढऱ्या, जाड, न टोचणाऱ्या डब्याचे झाकण उघडून पुढे धरावयाचे आणि देणाऱ्यानेच ती आत टाकावयाची. रुळांच्या कडेला पडलेली असेल तर जाड हातमोजे घालून चिमट्याने उचलावयाची. डबा तीन हिस्से भरला की बंद करून दवाखान्यांच्या घातक कचऱ्याबरोबर नष्ट करण्यास पाठवावयाचा. नोंदवहीत नाव लिहावयाचे नाही. केवळ एक खूण, किती दिल्या आणि किती परत आल्या. एखाद्याच्या हातावर गळू झालेले असले तर ते धुऊन मलमपट्टी करावयाची, मोठे असेल तर दवाखान्यात न्यावयाचे. आणि दर वेळी, न कंटाळता, न रागावता एवढेच विचारावयाचे, की तपासणीस येता का, औषध घ्यावयाचे का?

त्या रात्री आम्ही वडिलांना फोन केला आणि सर्व सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग, घरी गेल्यावर स्नान करून संध्या करतोस ना, एवढेच विचारून त्यांनी फोन ठेवला. आठ दिवस आम्ही अस्वस्थ होतो. नवव्या दिवशी त्यांचाच फोन आला. त्यांनी वर सांगितलेली उषस्तीची कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली आणि म्हणाले, “कुल्माष दे. पाण्याला मात्र हात लावू नकोस.”

पाणी म्हणजे काय, याचा विचार आम्ही पुष्कळ केला. नशेला पैसे देणे हे पाणी. नशा म्हणजे काही विशेष नव्हे, ज्याची त्याची मर्जी, असे गोड बोलणे हे पाणी. आणि आपण फार मोठे पुण्य करीत आहोत, या लोकांचे आपण तारणहार आहोत, असा मनात उठणारा फुगारा, तेही उष्टे पाणीच. हे शेवटचे पाणी आम्ही नकळत प्यालो, आणि अपराध घडला तो तेव्हाच.

एका पुलाखाली एक मनुष्य नेमाने येत असे. वय चाळिशीच्या आतले, पण दिसे साठीचा. त्याची ओळख पटेल असा कोणताही तपशील आम्ही येथे देत नाही, आणि जे देत आहोत ते त्याची अनुमती घेऊन. त्याच्या बोलीवरून तो गोंदियाच्या बाजूचा, म्हणजे आपल्या शेजारचाच, हे आम्ही ओळखले. परमुलखात आपली बोली कानी पडली की माणूस सैल होतो. आम्ही मोठ्या उत्साहाने आपले गाव सांगितले, आणि आपण देवळातल्या पुजाऱ्याचे पुत्र आहोत हेही सांगून बसलो. न सांगते तरी चालते. पण पुजाऱ्याचा मुलगा असूनही येथे येतो, हे त्याला कळावे अशी हौस होती.

त्याने पुढे केलेला हात एकदम मागे घेतला. म्हणाला, “नोको महाराज, तुमच्या हातानं नोको. खाली ठेवा. मी बाटलेला माणूस.”

आणि बंधुभगिनींनो, आम्ही ते पुडके खाली ठेवले. वर्तमानपत्राच्या एका तुकड्यावर, त्याच्यापासून हातभर अंतरावर. त्याची विनंती मानली, असे आम्ही मनाला सांगितले. पण खरे सांगावयाचे तर त्याचा हात आपल्या हातास लागला नाही म्हणून आतून कोठेतरी हायसे वाटले होते. परतताना आमच्याबरोबरचे जुने कार्यकर्ते, जे स्वतः कधीकाळी त्याच पुलाखाली राहिले होते, शांतपणे म्हणाले, “खाली ठेवा हे तो म्हणाला, भाऊ, पण ठेवलंत तुम्ही.”

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसरा रविवारही रिकामा गेला. चौथ्या रविवारी तो दुसऱ्या वस्तीजवळ सापडला. दंडावर लिंबाएवढे गळू, अंगात ताप. महाराजांच्या हातून घ्यावयाची लाज वाटली, म्हणून इकडे येण्याचे टाळले, असे त्याने सांगितले. मधल्या दिवसांत काय केलेस, असे विचारले तेव्हा त्याने मान खाली घातली. दुसऱ्याची सुई वापरली होती.

गावोगावच्या देवळांच्या पायऱ्यांवर जे त्याला लहानपणापासून शिकविले गेले, ते तो मुंबईच्या पुलाखालीही विसरला नव्हता. आपण अपवित्र आहोत, आपला स्पर्श देवाच्या माणसाला चालत नाही, ही शिकवण त्याच्या हाडांत भिनली होती. शिकविणारे आपणच. आणि त्या दिवशी जमिनीवर ठेवलेल्या पुडक्याने आम्ही तो धडा पुन्हा एकदा पक्का केला. संत एकनाथांची गोष्ट आपण दर वर्षी ऐकतो. पैठणला गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे एक अस्पृश्य मानलेल्या घरचे लेकरू त्यांनी उचलून कडेवर घेतले, आणि तेही स्नान करून येत असता. ती ऐकून आपण माना डोलावतो. पण वाळवंट आपल्यापुढे येते तेव्हा लेकरू वाळूतच राहते.

त्या दिवशी आम्ही त्याच्याशेजारी जमिनीवर बसलो. त्याचे गळू धुताना त्याचा हात हातात धरला. मग टपरीवरचा चहा एकाच किटलीतून दोघांनी घेतला. काही उपदेश केला नाही. पुढे चार रविवार असेच गेले, आणि पाचव्या वेळी तो आपण होऊन म्हणाला, की तपासणी करून टाकू. एचआयव्ही निघाला नाही. नियमाप्रमाणे काही काळाने पुन्हा तपासले, तेव्हाही नाही. हेपॅटायटिस सी मात्र निघाला. तो त्या तीन आठवड्यांतला की आधीचा, हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. आम्हांसही ते कधी कळणार नाही. ते न कळणे हेच आमचे प्रायश्चित्त आहे, असे आम्ही मानतो.

या रोगावर आज उपचार आहे, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. २०१८ च्या जुलै महिन्यात सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात त्याच्या गोळ्या विनामूल्य मिळतात. बहुतेकांना बारा आठवडे घ्याव्या लागतात आणि बहुतेक रोगी पूर्ण बरे होतात. त्याने गोळ्या पुऱ्या केल्या. रोग गेला. त्याच सुमारास तो सरकारी केंद्रात जाऊन जिभेखाली ठेवावयाची ब्युप्रेनॉर्फीनची गोळी घेऊ लागला. ही गोळी रोज देखरेखीखाली दिली जाते. तिने वेदना व ओढ शमते आणि सुईची गरज उरत नाही. तो एकदा घसरला, पुन्हा उभा राहिला. आता एका खानावळीत भांडी घासतो. गेल्या दिवाळीत, सहा वर्षांनी, त्याने आईला फोन केला. तो पूर्ण व्यसनमुक्त झाला असे आम्ही म्हणणार नाही. पण तो जिवंत आहे, आणि उषस्तीप्रमाणे दुसऱ्या दिवशीच्या सकाळी चालू लागला आहे.

येथे काही शंका उठतील. त्यांपैकी दोन आम्हांस पुष्कळदा विचारल्या गेल्या आहेत.

पहिली शंका अशी, की नवी सुई दिली म्हणजे नशा वाढणार नाही काय? ही शंका प्रामाणिक आहे आणि जगभर तिचा अभ्यास झालेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांतील अनुभव तपासून २००४ साली निष्कर्ष मांडला, की या कार्यक्रमांनी एचआयव्हीचा प्रसार कमी होतो आणि नशा वाढल्याचा ठोस पुरावा मिळत नाही. आमचा लहानसा अनुभवही तोच आहे. आम्ही सुई दिली म्हणून कोणी नशा सुरू केलेली आम्ही पाहिली नाही. सुई देताना झालेल्या ओळखीतून तपासणीस आलेले मात्र पाहिले.

दुसरी शंका अशी, की त्यापेक्षा सरळ व्यसनमुक्ती केंद्रात का नेऊ नये? न्यावे, अवश्य न्यावे. पुण्यास १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या साहाय्याने मुक्तांगण सुरू केले. तेथून आजवर कितीतरी माणसे आपापल्या घरी परतली. त्या कार्यास आमचे दंडवत. परंतु त्या दाराशी जाण्यासाठी मनुष्याची तयारी व्हावी लागते, आणि तयारी होण्यास काळ लागतो. तोवर त्याने जिवंत राहावे, एवढेच हे काम पाहते. यज्ञमंडपाचा रस्ता कुल्माषाच्या वाटीवरूनच जातो.

कोणी म्हणेल, हे सर्व मुंबईचे. आपल्या बिरसा गावाशी याचा संबंध काय? आम्हांसही परत येईपर्यंत असेच वाटत होते. गेल्या श्रावणात देवळामागील निर्माल्याचा ढीग उचलताना झाडणाऱ्या मावशींच्या बोटात सुई रुतली. इन्सुलिनची बारीक सुई. फुलांच्या खाली, दूर्वांच्या जुडीत. आम्ही त्यांना तत्काळ साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुवावयास लावले आणि सरकारी दवाखान्यात नेले. एचआयव्हीची बाधा टाळणारे औषध अशा वेळी जितक्या लवकर, आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत, सुरू करावे लागते. देवकृपेने पुढील सर्व तपासण्या निर्दोष आल्या. परंतु ते कित्येक महिने मावशींनी कसे काढले असतील, याची कल्पना करावी. आणि ती सुई आपली, असे सांगावयास आपल्या सदस्य-कुटुंबांपैकी कोणीही पुढे आले नाही. ज्या घरात देवपूजा होते त्याच घरची सुई ती. पुलाखालच्या माणसाने आपली सुई डब्यात आणून टाकली होती; आपण मात्र ती फुलांत लपविली. दोष कोणाच्या माथी मारावा म्हणून हे लिहीत नाही. धोका सुईत आहे. तो व्यसनीपणात किंवा भाविकपणात नाही, एवढेच ध्यानी यावे.

म्हणून आपल्या सर्व कुटुंबांस काही विनंत्या आहेत.

ज्या घरी मधुमेहाचे इंजेक्शन घेतले जाते, त्या घराने वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवाव्यात आणि डबा भरत आला की सरकारी दवाखान्यात विचारून तेथे द्यावा. त्या निर्माल्यात, उकिरड्यात अथवा नाल्यात कधीही टाकू नयेत.

इंजेक्शन कोणीही देवो, मोठा डॉक्टर असो वा फिरता वैदू, सुईचे पुडके आपल्यासमोर फोडावयास सांगावे. त्यात संकोच नको. मेळ्यात हौसेने गोंदवून घेणाऱ्या मुलामुलींनाही तेच सांगावे. एका सुईने दुसऱ्यास गोंदू देऊ नये.

आपला मुलगा, भाऊ, पुतण्या परगावी असेल आणि त्याचे पाऊल वाकडे पडले आहे अशी शंका असेल, तर त्याला फोनवर शिव्या देऊन दार बंद करू नये. बंद दाराबाहेर त्याला उरते ती दुसऱ्याची सुई. व्यसनासंबंधी सल्ल्यासाठी १४४४६ आणि एचआयव्हीसंबंधी माहितीसाठी १०९७ हे सरकारी विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहेत. सरकारी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी विनामूल्य होते आणि ती गुप्त ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे.

शेवटची विनंती मंदिराच्या पंगतीसंबंधी आहे. महाप्रसादाच्या दिवशी फाटका, धुंद, अंगावर फोड आलेला कोणी दाराशी आला, तर त्याला पत्रावळ दुरून सरकवू नये. त्याच्यासमोर बसून वाढावे. त्याने शांतता मोडली तर त्याला बाजूस बसवावे, पण उपाशी परत पाठवू नये. ही गोष्ट वडिलांपुढे मांडताना आम्ही भीत होतो. त्यांनी ती ऐकून घेतली, आणि यंदाच्या पंगतीत अशा माणसाला आपण स्वतः वाढू, असे सांगितले. कार्यकारी मंडळानेही तसा ठराव करावा, अशी आमची नम्र प्रार्थना आहे.

उषस्तीने हत्तीवाल्याच्या हातून घेतले. त्या घेण्याने तो लहान झाला नाही. त्या हत्तीवाल्याचे नाव उपनिषदाने नोंदविलेले नाही. पण त्याने आपल्या पुढ्यातले काढून दिले नसते, तर पुढचा यज्ञ झाला नसता. आपण उषस्ति होऊ अथवा न होऊ. निदान त्या हत्तीवाल्याइतके तरी होऊ या. आणि कोणी लाजून हात मागे घेतला, तर आपले देणे जमिनीवर न ठेवता, त्याचा हात आपण धरू या. एवढी बुद्धी देवाने आम्हांस आणि आपणां सर्वांस द्यावी.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥